विश्लेषण : ब्राउझरमधील छोटी चौकट प्रश्न विचारते, तेव्हा नेमके काय घडते?

एखादा अर्ज भरताना किंवा जुन्या धाटणीचे एखादे संकेतस्थळ उघडल्यावर मोबाइलच्या पडद्यावर मधोमध एक छोटी चौकट येते. खाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असतात. त्यांपैकी एक दाबल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. वेब प्रोग्रॅमिंगमध्ये वापरकर्त्याशी बोलण्याचा हा सर्वांत जुन्या मार्गांपैकी एक. शिकाऊ विद्यार्थ्यांचा पहिला प्रोग्रॅम अनेकदा याच चौकटीपासून सुरू होतो, भामटे याच चौकटीचा धाक दाखवतात आणि ब्राउझर कंपन्या गेली अनेक वर्षे तिला लगाम घालत आहेत. जपानमध्ये तर या चौकटीवरून एका १३ वर्षांच्या मुलीवर पोलीस कारवाई झाली. ही चौकट येते कुठून, तिच्यात टाइप केलेल्या उत्तराचे पुढे काय होते आणि ती अचानक समोर आली तर काय करावे, याविषयी...

जपानमध्ये काय घडले होते?

मार्च २०१९ मध्ये जपानच्या ह्योगो प्रांतातील पोलिसांनी ऐची प्रांतातील १३ वर्षांच्या एका शाळकरी मुलीची चौकशी करून तिला समज दिली. तिच्यासह आणखी दोन प्रौढ पुरुषांवरही कारवाई झाली. इंटरनेटवरील चर्चा फलकावर त्यांनी एका वेबपानाची लिंक टाकली होती. ते पान उघडले की एक चौकट येई. ती बंद केली की पुन्हा तीच चौकट. कितीही वेळा बंद केली तरी उपयोग नाही, अशी थट्टा करणारा मजकूर तिच्यात होता. पानामागचा प्रोग्रॅम जेमतेम एक-दोन ओळींचा. त्याने ना कोणाची माहिती चोरली, ना कोणाची फाइल पुसली. अनेक ब्राउझरमध्ये तर टॅब बंद केला की विषय संपत होता.

तरीही पोलिसांनी घातक प्रोग्रॅमविषयीच्या कायद्याचा आधार घेतला. जपानमधील प्रोग्रॅमर मंडळींत यावरून संतापाची लाट उसळली. हा गुन्हा असेल तर प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक विद्यार्थी गुन्हेगार ठरेल, असा त्यांचा सवाल होता. निषेध म्हणून अनेकांनी तोच प्रोग्रॅम स्वतःच्या नावाने उघडपणे इंटरनेटवर ठेवला. अखेर त्या दोघा पुरुषांवर खटला न चालवण्याचा निर्णय मे महिन्यात सरकारी वकिलांनी घेतला. एका साध्या चौकटीला खोडी समजायचे की हल्ला, हा प्रश्न मात्र त्यानिमित्ताने जगापुढे आला.

या चौकटी किती प्रकारच्या असतात?

वेबपानाला जिवंतपणा देणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतून अशा तीन चौकटी उघडता येतात. पहिली ‘अलर्ट’. ती केवळ निरोप देते आणि तिला एकच बटण असते. ‘अर्ज जमा झाला’ एवढे सांगायचे असेल तर ती पुरते. दुसरी ‘कन्फर्म’. ती होय की नाही असे विचारते आणि तिला दोन बटणे असतात. तिसरी ‘प्रॉम्प्ट’. तिच्यात प्रश्नाखाली एक रिकामी ओळ असते. वापरकर्त्याने तिथे उत्तर टाइप करायचे असते.

सध्या प्रॉम्प्ट हा शब्द कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे घरोघरी पोहोचला आहे. आपण यंत्राला जे सांगतो त्याला आज प्रॉम्प्ट म्हटले जाते. वेब प्रोग्रॅमिंगमध्ये अर्थ नेमका उलटा आहे. तिथे यंत्र आपल्याला विचारते. मराठी नाटकवाल्यांना हा शब्द फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नट अडखळला की विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर हळूच पुढचा शब्द पुरवतो आणि ‘आता तू बोल’ असे सुचवतो. ब्राउझरमधील चौकटीचे कामही तेवढेच : आता बोलण्याची पाळी तुमची, हे सांगणे.

ही सोय आली कधी?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या कंपनीत दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला आराखडा तयार केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट असे तिचे नामकरण झाले. १९९६ मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीतून ती लोकांच्या हाती पडली. अलर्ट, कन्फर्म आणि प्रॉम्प्ट या तिन्ही चौकटी तेव्हापासून आहेत.

त्या काळात वेबपान म्हणजे छापील कागदासारखा स्थिर मजकूर होता. वापरकर्त्याने अर्ज भरला की तो दूरच्या सर्व्हरकडे जाई, तिथे तपासला जाई आणि चूक असेल तर सगळे पान पुन्हा उतरवून घ्यावे लागे. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ इंटरनेटवर हे फार खर्चिक होते. ‘नाव लिहायचे राहिले’ एवढे सांगायला सर्व्हरपर्यंत फेरी कशाला, ते ब्राउझरनेच सांगावे, हा विचार त्यामागे होता. एका ओळीत चौकट उघडता येणे ही तेव्हा मोठीच सोय होती.

एक बारकावा इथे लक्षात घेण्याजोगा आहे. या चौकटी जावास्क्रिप्ट भाषेचा भाग नाहीत. त्या ब्राउझर पुरवतो. त्यांचे नियमही भाषेच्या प्रमाणग्रंथात नसून वेबपानांच्या, म्हणजे एचटीएमएलच्या, प्रमाण नियमावलीत लिहिलेले आहेत. म्हणूनच तीच भाषा ब्राउझरबाहेर, उदाहरणार्थ सर्व्हरवर, चालवली की या चौकटी मिळतीलच याची खात्री नसते. वेब तंत्रज्ञानातून संगणकाची ॲप्लिकेशन्स बनवणाऱ्या इलेक्ट्रॉन या लोकप्रिय साधनात अलर्ट चालते, पण प्रॉम्प्ट चालत नाही.

वापरकर्त्याचे उत्तर प्रोग्रॅमला कोणत्या रूपात मिळते?

कन्फर्मचे उत्तर सोपे असते. ‘ठीक आहे’ दाबले तर खरे, ‘रद्द करा’ दाबले तर खोटे. मात्र या बटणांवरील शब्द प्रोग्रॅमरला बदलता येत नाहीत, आणि तिथेच गडबड होते. ‘तुमचे तिकीट रद्द करायचे का?’ असा प्रश्न असेल आणि खाली ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’ अशी बटणे असतील, तर तिकीट रद्द करणाऱ्याने दाबायचे काय? ‘रद्द करा’ दाबले तर रद्द करण्याची कृतीच रद्द होते आणि तिकीट कायम राहते. घाईत असलेला माणूस हमखास फसतो. त्यामुळे असा प्रश्न विचारताना प्रोग्रॅमरने ‘ठीक आहे दाबल्यास तिकीट रद्द होईल’ असे स्पष्ट लिहिणे गरजेचे असते.

प्रॉम्प्टचे उत्तर अधिक नाजूक असते. वापरकर्त्याने काही लिहून ‘ठीक आहे’ दाबले तर तो मजकूर मिळतो. काही न लिहिता ‘ठीक आहे’ दाबले तर रिकामा मजकूर मिळतो. ‘रद्द करा’ दाबले तर ‘नल’ मिळते, म्हणजे उत्तरच नाही. पाकीट आले पण आत पत्र नाही, आणि पाकीटच आले नाही, यांत जो फरक तोच या दोहोंत. शिकाऊ प्रोग्रॅमर हा फरक विसरतात आणि ‘रद्द करा’ दाबणाऱ्याचे स्वागत ‘नमस्कार, नल’ असे होते.

दुसरी नेहमीची चूक बेरजेची. प्रॉम्प्टमधून येणारे उत्तर नेहमी मजकूरच असते, त्यात आकडा लिहिला असला तरीही. जावास्क्रिप्टमध्ये अधिकचे चिन्ह आकड्यांची बेरीज करते आणि मजकूर मात्र एकापुढे एक जोडते. त्यामुळे दोन प्रॉम्प्टमध्ये पाच आणि पाच लिहिले तर उत्तर दहा येत नाही, पंचावन्न दिसते. वर्गात हा चमत्कार पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी चक्रावतात. उपाय एवढाच की, उत्तर हाती येताच ते आधी संख्येत बदलून घ्यायचे आणि मगच हिशेब करायचा. मात्र ‘नल’ आणि रिकामा मजकूर या दोन्हींचे संख्येत रूपांतर केले की शून्य येते. म्हणून ‘उत्तर मिळाले का’ ही तपासणी संख्येत बदलण्यापूर्वी करावी लागते. नाहीतर ज्याने प्रश्नच टाळला त्याची नोंद शून्य अशी होते.

मराठी अंक टाइप केले तर काय होते?

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. मोबाइलवर मराठी कीबोर्ड सुरू असेल आणि ‘तुमचे वय किती?’ या प्रश्नाला कोणी ‘४२’ असे देवनागरी अंकांत उत्तर दिले, तर माणसाला त्यात काहीच वावगे दिसत नाही. जावास्क्रिप्टला मात्र ही संख्या ओळखता येत नाही. ती ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असे उत्तर देते.

याचे परिणाम विचित्र होतात. ‘नॅन’ची कोणत्याही आकड्याशी तुलना केली की लहान आहे का, मोठी आहे का, दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच येते. समजा, प्रोग्रॅमरने ‘वय १८ किंवा अधिक असेल तरच आत सोडा’ असा नियम लिहिला आहे. मग मराठी अंकांत वय लिहिणारी सत्तरीची आजीही बाहेरच राहते. तोच नियम उलट, ‘वय १८ पेक्षा कमी असेल तर अडवा’ असा लिहिला, तर मराठी अंकांत ‘१२’ लिहिणारा मुलगा सरळ आत जातो. नियम दोन्ही ठिकाणी एकच वाटतो. चूक मात्र एकदा प्रामाणिक माणसाला अडवते आणि एकदा नको त्याला वाट देते.

यावर उपाय अवघड नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५ आहे. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि नऊचा ५७. दोन्हींत सगळीकडे २३५८ चे समान अंतर आहे. उत्तरातील प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो आणि पुढचा हिशेब नीट चालतो. चार-पाच ओळींचे हे काम आहे. ते केले जात नाही, कारण अनेकदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मराठी कीबोर्डवरून तो चालवून पाहिलेलाच नसतो. गंमत म्हणजे याच जावास्क्रिप्टमध्ये माहिती साठवण्याच्या खणाला ‘वय’ किंवा ‘नाव’ असे देवनागरी नाव देता येते. भाषा देवनागरी अक्षरे स्वीकारते, देवनागरी अंकांना मात्र संख्या मानत नाही.

चौकट उघडली की पान गोठल्यासारखे का होते?

वेबपानातील जावास्क्रिप्ट साधारणतः एका वेळी एकच काम करते. दुकानात एकच माणूस गल्ल्यावर असावा तसे. त्याने एका गिऱ्हाइकाला ‘सुटे आहेत का?’ असे विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरे काही करायचे नाही असे ठरवले, तर मागची सगळी रांग खोळंबते. अलर्ट, कन्फर्म आणि प्रॉम्प्ट नेमके हेच करतात. चौकट उघडी असेपर्यंत पानाचा प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबून राहतो. उलटी मोजणी थांबते, बटणे प्रतिसाद देत नाहीत, पानावर स्क्रोल करता येत नाही.

शिकणाऱ्यासाठी हे वरदान असते. प्रश्न विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा, मग पुढची ओळ चालवा, असा सरळ क्रम डोक्यात पटकन बसतो. खऱ्या संकेतस्थळावर मात्र हाच गुण दोष ठरतो. ऑनलाइन परीक्षेत घड्याळ पानातल्या प्रोग्रॅमवर चालत असेल आणि मध्येच अलर्ट आले, तर पडद्यावरचे घड्याळ थांबते, पण सर्व्हरवरचे चालूच राहते. विद्यार्थ्याला वाटते वेळ शिल्लक आहे, प्रत्यक्षात तो संपत आलेला असतो.

भामट्यांनी या चौकटीचा वापर कसा केला?

पूर्वी ही चौकट संपूर्ण ब्राउझर अडवून धरत असे. दुसऱ्या टॅबवरही जाता येत नसे. शिवाय जुन्या चौकटीवर ती कोणत्या संकेतस्थळाने उघडली याचा स्पष्ट उल्लेख नसे. दिसायला ती संगणकाच्या स्वतःच्या सूचनेसारखीच दिसे. भामट्यांना याहून अधिक काय हवे? ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असा मजकूर लिहायचा आणि बंद केली की पुन्हा उघडेल अशी चौकट लावून द्यायची. घाबरलेला माणूस फोन करतो. पलीकडून कोणीतरी नामांकित कंपनीचा तंत्रज्ञ असल्याची बतावणी करतो, संगणकाचा ताबा मागतो आणि ‘दुरुस्ती’चे पैसे उकळतो. जपानमधील मुलीच्या पानावर थट्टा होती, इथे खंडणी असते. आत चालणारी युक्ती मात्र दोन्हीकडे तीच असते.

या व्यवसायाचे धागे भारतापर्यंत येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली. तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना फसवणाऱ्या कॉल सेंटरविरोधात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांनी केलेल्या तक्रारींचाही त्यात समावेश होता. आपल्या सूचनांमध्ये कधीही फोन क्रमांक दिलेला नसतो, असे मायक्रोसॉफ्टने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. चौकटीत फोन क्रमांक दिसला की ती बनावट समजावी, इतका हा नियम सोपा आहे.

ब्राउझर कंपन्यांनी कोणते लगाम घातले?

२००६ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीने प्रॉम्प्ट थेट उघडणे बंद केले. आधी वर एक पट्टी येई आणि परवानगी दिली तरच चौकट दिसे. मार्च २०११ मध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीने चौकट तिच्या टॅबपुरती मर्यादित केली, म्हणजे बाकीचे टॅब मोकळे राहिले. पुढे क्रोमनेही तोच मार्ग धरला. एकाच पानाने पुन्हा पुन्हा चौकट उघडली तर ‘या पानाला आणखी चौकटी उघडू देऊ नका’ असा पर्याय दिसू लागला. चौकटीच्या वर संकेतस्थळाचे नाव लिहिले जाऊ लागले.

पान सोडून जाताना ‘खरेच जायचे का?’ असे विचारणाऱ्या सूचनेचाही असाच गैरवापर होत होता. ‘थांबा, तुम्ही लाखोंचे बक्षीस गमावाल’ असला मजकूर तिथे टाकला जाई. २०१६ मध्ये क्रोमच्या ५१व्या आवृत्तीपासून तिथे संकेतस्थळाला स्वतःचा मजकूर लिहिता येईनासा झाला. आता ब्राउझरचा ठरलेला, साधा मजकूरच दिसतो.

२०२१ मध्ये क्रोमला माघार का घ्यावी लागली?

एका पानाच्या आत दुसऱ्या संकेतस्थळाचा तुकडा बसवता येतो. जाहिराती, नकाशे, व्हिडीओ असेच दिसतात. अशा तुकड्याने चौकट उघडली तर ती मूळ पानानेच उघडली असे वाटू शकते. बातम्यांच्या पानावरील जाहिरातीने ‘पासवर्ड टाका’ असे विचारले तर वाचकाचा विश्वास बातमीच्या संकेतस्थळावर असतो, फायदा मात्र जाहिरातवाल्याचा होतो. म्हणून जुलै २०२१ मध्ये क्रोमच्या ९२व्या आवृत्तीत परक्या तुकड्यांना या तिन्ही चौकटी उघडण्यास बंदी घालण्यात आली.

हेतू चांगला होता, पण अनेक ठिकाणी कामे अडली. कार्यालयांत वापरली जाणारी काही व्यवस्थापन सॉफ्टवेअर अशाच तुकड्यांवर चालत होती. तिथे ‘नोंद पुसायची का?’ असे विचारणारी चौकटच येईना, त्यामुळे पुढचे कामही होईना. प्रोग्रॅमिंग शिकवणारी अनेक संकेतस्थळे विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम सुरक्षेसाठी परक्या तुकड्यातच चालवून दाखवतात. तिथे पहिल्या धड्यातील अलर्ट आणि प्रॉम्प्ट अचानक मुके झाले. धडा बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, तरी पडद्यावर काहीच नाही. अशा वेळी नवशिक्याला आपलेच काहीतरी चुकले असे वाटते. शिक्षक आणि प्रोग्रॅमर यांनी जोरदार आक्षेप घेतल्यावर ऑगस्टमध्ये क्रोमने हा बदल तूर्त मागे घेतला आणि जानेवारी २०२२ पूर्वी तो लागू होणार नाही, असे सांगितले.

या वादात एक मोठा प्रश्न दडलेला होता. या तिन्ही चौकटी पुढेमागे वेबवरून हद्दपार व्हाव्यात, अशी इच्छा क्रोमशी संबंधित काही अभियंत्यांनी उघडपणे व्यक्त केली होती. विरोधकांचे म्हणणे असे की, वेबचे बलस्थानच हे आहे की पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेले पान आजही उघडते. जुनी सोय काढली तर ज्यांची देखभाल करणारे कोणी उरलेले नाही अशी असंख्य छोटी पाने एका रात्रीत मोडतील. सुरक्षा महत्त्वाची की सातत्य, यावर एकमत होणे सोपे नाही.

प्रॉम्प्टला पर्याय काय?

एचटीएमएलमध्ये आता ‘डायलॉग’ नावाचा स्वतंत्र घटक आहे. क्रोममध्ये तो २०१४ पासून होता, पण फायरफॉक्स आणि सफारी यांनी तो मार्च २०२२ मध्ये स्वीकारला आणि मगच तो सर्वत्र वापरण्याजोगा झाला. यात चौकटीचे रूप, बटणांवरील शब्द आणि आतील रकाने प्रोग्रॅमर ठरवतो. ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ऐवजी ‘होय, तिकीट रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’ असे स्पष्ट शब्द लिहिता येतात. चौकट उघडी असताना वापरकर्त्याला मागच्या पानावर काही दाबता येत नाही, मात्र पानाचा प्रोग्रॅम चालूच राहतो. घड्याळ थांबत नाही.

प्रॉम्प्टमध्ये एकच साधी ओळ मिळते. अर्जाच्या रकान्यांत बरेच काही साधता येते. वय किंवा मोबाइल क्रमांक विचारताना फोनवर थेट अंकांचा कीबोर्ड उघडता येतो, तारखेसाठी दिनदर्शिका दाखवता येते, पासवर्ड ठिपक्यांनी झाकता येतो. प्रॉम्प्टमध्ये टाइप केलेला पासवर्ड शेजारी बसलेल्याला सरळ वाचता येतो. म्हणून पासवर्ड, ओटीपी किंवा बँकेचा तपशील प्रॉम्प्टने विचारणे ही प्रोग्रॅमरची चूक, आणि असे विचारले गेले तर तिथे ते न देणे हा वापरकर्त्याचा शहाणपणा.

मात्र चौकट कोणतीही असो, दोन पथ्ये सुटत नाहीत. एक, वापरकर्त्याने दिलेले उत्तर सर्व्हरवर पुन्हा तपासायचे, कारण ब्राउझरमधील तपासणी कोणालाही सहज चुकवता येते. दोन, ते उत्तर पानावर दाखवायचे झाल्यास निव्वळ मजकूर म्हणून दाखवायचे. कोणी नावाच्या जागी प्रोग्रॅमचा तुकडा लिहिला आणि पानाने तो जसाच्या तसा स्वतःत मिसळून घेतला, तर तो चालू लागण्याचा धोका असतो. सुरक्षा तपासणारे तज्ज्ञ अशी फट सापडली हे दाखवण्यासाठी वर्षानुवर्षे अलर्टची चौकटच उघडत आले आहेत. दुसऱ्याच्या पानावर आपली चौकट उघडली म्हणजे आत शिरायला वाट आहे, एवढा त्याचा अर्थ.

मग नवशिक्यांनी प्रॉम्प्ट शिकूच नये का?

जरूर शिकावे. मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणक कक्षात, वेगळे काहीही न बसवता, एका ओळीत प्रश्न विचारून उत्तर मिळवता येते. आपण लिहिलेले यंत्राने ऐकले आणि उलट आपल्यालाच विचारले, हा पहिला आनंद फार मोलाचा असतो. अनेकांना प्रोग्रॅमिंगची गोडी याच क्षणी लागते. प्रॉम्प्टमध्ये काय येते, ‘रद्द करा’ दाबल्यावर काय येते, मराठी अंक लिहिल्यावर काय होते, हे तिघा-चौघा मित्रांना वापरायला देऊन पाहिले तर माणसे प्रश्नाला किती वेगवेगळ्या प्रकारे उत्तर देतात हे कळते. पुढे मोठमोठे अर्ज बनवतानाही हीच शिकवण कामी येते. मात्र सराव झाला की लोकांसाठी बनवायच्या संकेतस्थळात डायलॉग आणि अर्जाचे रकाने वापरावेत.

स्मार्टफोन वापरणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

अचानक चौकट आली तर आधी तिच्या वर लिहिलेले संकेतस्थळाचे नाव वाचावे. ते अनोळखी असेल तर काहीही न लिहिता ‘रद्द करा’ दाबावे. चौकट पुन्हा पुन्हा येत असेल तर आणखी चौकटी रोखण्याचा पर्याय निवडावा किंवा तो टॅबच बंद करावा. तेही जमले नाही तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि जुने टॅब परत आणण्याची विचारणा झाल्यास नकार द्यावा. 

ठिकाण, कॅमेरा किंवा नोटिफिकेशनची परवानगी मागणारी चौकट वेगळी असते. तिथे ‘परवानगी द्या’ दाबले की त्या संकेतस्थळाला पुढेही ती सोय वापरता येऊ शकते, त्यामुळे ती घाईने दाबू नये. शिवाय पानावरच रंगवलेली, हुबेहूब सूचनेसारखी दिसणारी चौकटही असू शकते. तिच्यावर कोणाचेही नाव आणि बोधचिन्ह लावता येते. दिसण्यावर न जाता ती काय मागते आहे हे पाहावे. फोन क्रमांक देणारी, पैसे मागणारी, ॲप बसवायला सांगणारी किंवा ओटीपी विचारणारी चौकट कितीही खरी वाटली तरी तिथेच थांबावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

चौकट केवळ प्रश्न विचारते. उत्तर द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे असते. ‘रद्द करा’ हे बटण त्यासाठीच दिलेले आहे.